पुन्हा गरवायला बसताना सामान गरीकडून मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरला राहणारे एक गृहस्थ २००४ ते २००९ या काळात शेजारच्या इंग्रज आजोबांबरोबर कालव्यावर मासे धरायला जात. पुढे घर, नोकरी, मुलं यांत ते सुटलं. आता अकरा वर्षांची मुलगी मागे लागली आहे. गॅरेजमध्ये आजोबांनी दिलेला १३ फुटी फ्लोट रॉड (पाण्यावर तरंगणारी काडी, म्हणजे फ्लोट, लावून मासे धरायची काठी), लाईन गुंडाळायचं एक रील आणि फ्लोट-छर्ऱ्यांचा पत्र्याचा डबा पडून आहे. दुकानात गेले तर समोर ४०० पौंडांचा 'कार्प सेट' ठेवला गेला. त्यांना विचारायचंय की सुरुवातीला नेमकं काय घ्यावं आणि जुन्यातलं काय चालेल.

ते ४०० पौंड तूर्त खिशातच राहू द्या. तुम्हाला हवंय ते बहुतेक सगळं गॅरेजमध्ये आहे, आणि जे नाही ते दुकानातल्या सगळ्यात लहान कप्प्यात मिळतं.

नवखा माणूस दुकानात शिरला की आधी रॉड घेतो, मग रील, आणि निघता निघता गल्ल्याजवळची हुकांची दोन पाकिटं उचलतो. मी नेमकं उलटं सांगते. माशाच्या तोंडात काय जाणार आहे तिथून सुरुवात करा आणि हातातल्या मुठीपर्यंत मागे मागे या. आधी गरी, म्हणजे हुक, मग तिची बारीक लाईन, मग छर्रे (लाईनवर चिमटायची बारीक वजनं) आणि फ्लोट, मग मुख्य लाईन, मग रील आणि सगळ्यात शेवटी काठी. पैसेही याच क्रमाने लावा.

हे शहाणपण मला पैसे मोजून आलंय. २०१३ साली मी स्वतः नऊ वर्षांच्या खंडानंतर परतले. हौसेने १८० पौंडांचा नवा रॉड घेतला. रील जुनंच होतं आणि त्यावरची लाईनही जुनीच, 'दिसायला तर ठीक आहे' म्हणून ठेवलेली. जूनमधली पहाट, क्लबचं तळं, कमळाच्या पानांच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे उठत होते. ते टेंच माशाचे, तो तळाशी चिखल हुंगत फिरतो तेव्हाचे. फ्लोट तिरका सरकत खाली गेला, मी रॉड उचलला, मासा पानांकडे वळला आणि लाईन पटकन तुटली. गाठीपाशी नाही, मधोमध. म्हणजे कुजलेली होती. पाच पौंडांची लाईन वाचवली आणि माशाच्या ओठात गरी नि मागे सहा फूट शेपूट सोडून दिलं. मासा हुकल्याचं मला फारसं वाटत नाही, पण त्या शेपटाची आठवण आली की अजून कसंतरी होतं.

म्हणून पहिलं काम: रीलवरची लाईन आज रात्रीच काढून टाका. नायलॉन ऊन खाऊन आणि नुसतं पडून राहूनही कमजोर होतं. आमच्या दाभोळकडे माझे आजोबा तंगूस हाताभर घेऊन झटका द्यायचे, तुटली तर सगळी गुंडी फेकायचे. तुम्ही झटकाही देऊ नका, पंधरा वर्षं तरी झालीत. टाकताना कात्रीने बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका, म्हणजे कुठल्या पक्ष्याच्या पायात अडकणार नाही.

पण नवी लाईन किती जाडीची, हे दुकानदार सांगू शकत नाही. ते पाणी सांगतं. इथे तुम्हाला एक निवड करावी लागेल. कोर्स फिशिंगमधला 'कोर्स' म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे सगळे मासे. पण त्या 'बाकीच्यां'त तळहाताएवढा रोचही येतो आणि तीस रतलांचा कार्पही. (वजनाच्या पौंडाला मी इथे रतल म्हणते. आजीचा शब्द आहे, पण नाहीतर पैशांचे पौंड आणि वजनाचे पौंड यांची खिचडी होईल.) कालव्यावर रोच, पर्च, गजन, ब्रीम हे बहुतेक काही औंसांचे, क्वचित दोन-तीन रतलांचे. तिकीट काढून बसायची 'कमर्शियल' तळी मात्र कार्पने गच्च भरलेली असतात, तिथे तीन ते आठ रतलांचा मासा सहज लागतो. कालव्याचं सामान तिथे नेलंत तर दहा मिनिटांत तुटेल. तिथलं सामान कालव्यावर आणलंत तर रोच त्या जाड लाईनकडे बघून पुढे जाईल.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने कालवा किंवा क्लबचं लहान तळं. मुलीला आठ रतलांचा एक मासा नको असतो, दर पाच मिनिटांनी फ्लोट बुडायला हवा असतो. शिवाय कालव्याची ओळख तुम्हाला आहेच.

तर कालव्यासाठी गरीकडून सुरुवात.

गऱ्या बिनकाट्याच्या घ्या. आपल्याकडच्या गरीला टोकापाशी उलटा काटा असतो, तो मासा सुटू नये म्हणून. इथे मासा परत पाण्यात सोडायचा असतो, आणि तळ्यांवर तर बहुतेक ठिकाणी बिनकाट्याची गरी हा नियमच असतो. नंबर जितका मोठा तितकी गरी लहान, हे आठवत असेल. एका अळीला १८ नंबर, दोन अळ्यांना १६, मक्याच्या दाण्याला १४. पाव किंवा मांसाच्या तुकड्याला १२ किंवा १०. सुरुवातीला १८, १६ आणि १४ एवढ्या तीनच.

आणि कृपा करून बांधलेल्या गऱ्यांची पाकिटं घ्या, त्यांना 'हुक टू नायलॉन' म्हणतात. आजोबांनी तुम्हाला चपट्या बुडाच्या गरीला गाठ मारायला शिकवलं असणार. तेव्हा तुम्ही तिशीच्या आत-बाहेर होता. आता वाऱ्यात, गार बोटांनी, चष्मा कपाळावर सरकवून १८ नंबरची गरी बांधून बघा. मी दहा मिनिटं झगडले होते आणि शेजारचा सातवीतला पोरगा येऊन बांधून देऊन गेला. पाकिटातली गरी फासा घालून अडकवली की काम झालं. गाठीचा सराव हिवाळ्यात टीव्हीसमोर करा.

जाता जाता: इंग्लंडातलं रेडिच हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होतं, आणि तिथेच गऱ्याही बनत. सुई वाकवली की गरी, हे गणित आपल्या कोळणींना सांगायला नको.

गरीमागची बारीक लाईन, म्हणजे हुकलेंथ, ही मुख्य लाईनपेक्षा नेहमी कमजोर हवी. मुख्य लाईन ४ रतल ताकदीची असेल तर हुकलेंथ अडीच रतलांची. कारण साधं आहे. तळाशी गरी अडकली, किंवा मोठा पाईक (शिकारी मासा) मध्येच झडप घालून गेला, तर तुटायचं ते शेवटचं वीतभर तुटावं, फ्लोट आणि छर्ऱ्यांसकट दोन मीटर नव्हे. माझ्या २०१३ च्या टेंचच्या वेळी नेमकं हेच उलटं झालं होतं. नवी हुकलेंथ मागच्या जुन्या लाईनपेक्षा मजबूत ठरली.

आता त्या पत्र्याच्या डब्याकडे जरा सावधपणे बघा. आजोबांचा डबा जुना असेल तर आतले छर्रे शिशाचे असू शकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतची, म्हणजे एक औंसापर्यंतची, शिशाची वजनं मासेमारीला वापरायला बंदी आहे. हंस दळण्यासाठी खडे गिळतात तसे तळाशी पडलेले छर्रे गिळायचे आणि विष भिनून मरायचे, म्हणून हा नियम आला. ८ नंबरचा आणि त्याहून बारीक छर्रा शिशाचा चालतो, त्याहून जड सगळे काढून पालिकेच्या कचरा केंद्रावर द्या. नवी बिनविषारी छर्ऱ्यांची गोल डबी घ्या, तीत पाच-सहा आकार असतात. नावं विचित्र आहेत: एएए साधारण ०.८ ग्रॅम, बीबी ०.४ ग्रॅम, मग ४, ६, ८ असे घटत जाणारे. आणखी एक, आपण लहानपणी छर्रा दातांनी चावून बसवायचो. मुलीला ते दाखवू नका, छोटा चिमटा घ्या.

डब्यातले फ्लोट मात्र ठेवा. त्यांत पांढरट, पेन्सिलीएवढे जाड, वजनाला काहीच नसल्यासारखे लांब फ्लोट असतील तर ते मोराच्या पिसाच्या देठाचे असतील. आजही त्याला तोड नाही, आणि तो नवा घ्यायला गेलात तर चांगले पैसे पडतात. फक्त टोकाचा रंग उडाला असेल, तो लाल किंवा काळा परत लावा. दोन्ही रंग ठेवा. आभाळाचं प्रतिबिंब पडलेल्या पांढऱ्या पाण्यावर काळं टोक दिसतं, झाडाच्या सावलीत लाल.

फ्लोट लावायची रीत हाताला आठवेल, पण मेंदूला विसरली असेल म्हणून लिहिते. वॅगलर, म्हणजे हाच लांब फ्लोट, फक्त खालच्या टोकाने लाईनला लावायचा, दोन्ही बाजूंना मोठे छर्रे चिमटून. फ्लोटाला जेवढं वजन लागतं त्यातलं बरंचसं इथेच. उरलेले ८ नंबरचे तीन-चार छर्रे खाली गरीपर्यंत शर्टाच्या गुंड्यांसारखे समान अंतरावर. आमिष मग सावकाश, नैसर्गिक खाली जातं. रोच बऱ्याचदा पडतानाच घेतो. फ्लोटाचं टोक पाण्याबाहेर दाण्याएवढंच दिसायला हवं. बोटभर बाहेर ठेवलंत तर माशाला ते सगळं ओढून खाली न्यावं लागतं आणि त्याला काहीतरी चुकतंय हे कळतं. नवशिक्यांना 'चावा मिळत नाही' अशी जी तक्रार असते तिचं अर्धं कारण हे, आणि उरलेलं अर्धं खोली न मोजणं.

खोली मोजायला प्लमेट म्हणून एक बुडाशी बूच असलेलं वजन मिळतं, दोन पौंडांच्या आत. गरी त्याच्या बुचात टोचायची आणि पाण्यात सोडायची. फ्लोट पूर्ण बुडाला तर लाईन कमी आहे, फ्लोट वर सरकवा. फ्लोट फार बाहेर राहिला किंवा आडवा झाला तर लाईन जास्त आहे. टोक नेमकं पाण्याच्या सपाटीला आलं की आमिष तळाला टेकतं. या एका वस्तूने जेवढे मासे दिलेत तेवढे मला कुठल्याच रॉडने दिलेले नाहीत.

कालव्यात तर हे फारच महत्त्वाचं. कालव्याचा तळ ताटासारखा सपाट नसतो. दोन्ही काठांना उथळ पायरी असते आणि मधून बोटी जातात तो खोल पट्टा. पायरी संपून उतार जिथे तळाला टेकतो तिथे खाणं गोळा होतं, आणि मासेही. प्लमेटने हात-हातभर पुढे सरकत तो उतार शोधा. बऱ्याच ठिकाणी तो काठापासून चार-पाच मीटरवरच असतो. लोक उगाच पलीकडच्या काठावर गरी फेकत बसतात.

याच कारणाने मुलीसाठी मी रील लावायलाच सांगणार नाही. तिच्या हातात १३ फुटी रॉड आणि रील दिलंत तर ती पहिला तास गुंता सोडवण्यात घालवेल. चार मीटरची 'व्हिप' घ्या. ही बिनरीलची काठी, आत आत सरकणारी, टोकाला थेट लाईन बांधायची, काठीपेक्षा वीतभर आखूड. म्हणजे आपली वेळूची काठीच, फक्त कार्बनची. अर्ध्या ग्रॅमचा बारीक फ्लोट, खाली १८ ची गरी, मासा लागला की काठी उचलायची, लाईन झुलत हातात येते. वीस-पंचवीस पौंडांत चांगली मिळते. खरं सांगायचं तर तुम्ही दोघांनी पहिले चार दिवस एवढी एकच काठी घेऊन गेलात तरी चालेल.

व्हिप आवडली म्हणून कोणी तुम्हाला लांब 'पोल' घ्यायला सुचवेल, ११ किंवा १३ मीटरचा. तूर्त नको. महाग असतो, रोलर आणि बैठक लागते, आणि टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेवरून, सायकली जातात तिथे मागे सरकवताना जीव टांगणीला लागतो. कार्बनमधून वीज वाहते हेही विसरू नका. विजेच्या तारांपासून ३० मीटर लांब बसायचं, मग हातात रॉड असो, पोल असो की व्हिप. हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा.

आता तुमचा १३ फुटी रॉड. न बघताही मला तो फेकावासा वाटत नाही. फ्लोटसाठी १३ फूट हीच रूढ लांबी आहे. पाण्यावर पडलेली लाईन उचलायला आणि फ्लोट सावरायला ती लांबी लागतेच. कान साफ करायची कापूसकाडी घ्या आणि प्रत्येक कडीतून आतल्या बाजूने फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर कडी चिरली आहे, ती लाईन कापेल. एखादी कडी बदलून मिळते, चार चिरल्या असतील तर मात्र रॉडचा नाद सोडा. मग तुकडे जोडून बघा. जोडाची खुंटी पूर्ण आत गेल्यावरही मध्ये सेंटिमीटरभर फट दिसायला हवी. फट राहिलीच नसेल तर जोड झिजला आहे आणि फेकताना वरचा तुकडा तळ्यात जाईल. जोड करकरत असेल तर मेणबत्ती घासा.

त्या कार्प सेटचा रॉड तुमच्या कामाचा नाही, हे एका आकड्यावरून कळतं. कार्प रॉडवर 'टेस्ट कर्व्ह' लिहिलेलं असतं, बहुधा पावणेतीन किंवा तीन रतल. म्हणजे टोक काटकोनात वाकवायला तेवढं वजन टांगावं लागतं. चार औंसांच्या रोचला ते टोक हलतसुद्धा नाही. पोराला साठ किलोचा पोहरा ओढायचा रहाट देऊन त्यावर तांब्या भरायला सांगण्यासारखं आहे.

रीलचं फारसं काही नाही. २५०० किंवा ३००० आकाराचं साधं रील पुरे. जुनं असेल तर हँडल फिरवून बघा, बेल-आर्म (लाईन अडवणारी तारेची कमान) टक् करून बंद होतो का, आणि क्लच सैल केल्यावर लाईन झटके न देता सुटते का. आतलं ग्रीस घट्ट झालं असेल, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घाला. ४ रतलांची नवी लाईन काठापासून दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. कमी भरलीत तर ती स्पूलच्या काठाला घासत जाते आणि फेक कमी पडते. पुढे कमर्शियल तळ्यावर जायचं ठरलं तर एक जादा स्पूल घेऊन त्यावर ६ रतलांची भरून ठेवा, हुकलेंथ ४ रतलांची. रील तेच, रॉडही बहुधा तोच.

उरलेले पैसे कुठे घालवायचे ते सांगते. लँडिंग नेट. रबरचढ्या मऊ जाळीचं, १८-२० इंचांचं तोंड आणि दोन मीटरचा सरकता दांडा. जुन्या डब्यासोबत गाठींच्या खरखरीत दोऱ्याचं जाळं असेल तर ते वापरू नका, खवले निघतात. गरी काढायला डिसगॉर्जर, ही पेनाच्या रिफिलीसारखी फटीची काडी, पौंड-दीड पौंडाला मिळते. दोन घ्या, एक हरवतोच. गळ्यात दोरीने अडकवा. लाईन ताणून धरायची, काडी तिच्यावरून गरीपर्यंत सरकवायची आणि हलकेच आत ढकलायची, ओढायची नाही. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. तळ्यावर जाल तेव्हा मासा ठेवायला मऊ मॅट लागते, बऱ्याच ठिकाणी सक्तीची असते. बसायला घरातली घडीची खुर्ची आणि एक बादली.

म्हणजे हिशेब असा: लाईन, गऱ्या, छर्रे, प्लमेट, डिसगॉर्जर यांचे तीसेक पौंड, नेटचे तीस-पस्तीस, व्हिपचे पंचवीस. शंभराच्या आत. रॉड मोडका निघाला तर वापरलेला शोधा. क्लबातल्या म्हाताऱ्यांकडे गॅरेजभर असतात आणि ते घासाघीसही करत नाहीत, फक्त तासभर गोष्टी ऐकाव्या लागतात.

फीडर रॉडचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. तळाशी खाण्याचा पिंजरा टाकून रॉडच्या थरथरत्या टोकाकडे बघत बसायची ती पद्धत. परिणामकारक आहे, हिवाळ्यात आणि वाऱ्यात तर फारच. पुढच्या वर्षी १० फुटी घ्या. यंदा मुलीला फ्लोट बघू दे.

आमिषासाठी मॅगट, म्हणजे मांसमाशीच्या अळ्या, दुकानात पिंटाच्या मापाने मिळतात. दोघांना अर्धा पिंट पुरतो. उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, बाहेर उबेला ठेवल्यात तर आठवड्यात कोश आणि मग घरभर माश्या. आमच्याकडे या डब्यावरून एकदा चांगलं वाजलंय, कारण तो चक्क्याच्या डब्यासारखाच दिसत होता. तेव्हा झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा. डबाबंद मका, पावाचा गर, मांसाचे बारीक चौकोन हेही उत्तम. आणि एक गंमत: इथले जुने लोक अळ्यांना हळद चोळतात आणि मांसाच्या तुकड्यांवर करी पावडर भुरभुरतात. तेव्हा डब्यात चिमूटभर हळद टाकताना संकोच करू नका. पण आपल्याकडे रोहू-कटल्याला लावतात ती शेंगदाण्याची पेंड मात्र न्यायची नाही. इथल्या अनेक पाण्यांवर दाण्यांना बंदी असते, नीट न शिजवलेले दाणे माशांना बाधतात म्हणून.

मासा घरी आणायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण घरच्यांना सांगून ठेवा. माझी आई अजून फोनवर विचारते, 'मग जातेस कशाला?' नद्यांवर लहान मासे ठराविक संख्येत ठेवायची कायद्यात थोडी मुभा आहे, पण कालवा, तळं, क्लबचं पाणी इथे मालकाच्या परवानगीशिवाय मासा नेणं म्हणजे चोरी. आपल्या लोकांकडे काठावर याच बाबतीत संशयाने पाहिलं जातं, म्हणून मी तर दुरून कोणी येताना दिसलं की मुद्दाम मासा दाखवून सोडते.

लायसन्स आधी काढा, सरकारी संकेतस्थळावरूनच. मध्यस्थ संकेतस्थळं उगाच जादा घेतात. १३ वर्षांखालच्यांना ते लागत नाही, म्हणजे मुलीला अजून दोन वर्षं सुट्टी आहे. १३ ते १६ ला फुकट मिळतं, पण काढावंच लागतं. विनालायसन्स सापडलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. एका लायसन्सवर दोन रॉड चालतात. पण लायसन्स म्हणजे त्या पाण्यावर बसायची परवानगी नव्हे, त्यासाठी क्लबचं कार्ड किंवा दिवसाचं तिकीट वेगळं.

तारखांचंही बघा. १५ मार्च ते १५ जून या काळात नद्यांवर कोर्स मासेमारी बंद असते. कालवे आणि तळी बहुतेक खुली असतात. पण लेस्टरमध्ये ग्रँड युनियन कालवा आणि सोअर नदी एकमेकींत मिसळत जातात, म्हणून तुम्ही बसता तो तुकडा नदी धरला जातो की कालवा, हे क्लबला विचारूनच वसंतात जा.

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या आत पोहोचा, बोटींची वर्दळ सुरू व्हायच्या आधी. उतार शोधा, आठ-दहा अळ्या टाका, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाच-सहा, एकदम मूठभर नको. बोट गेली तर वैतागू नका. तळ ढवळला की मासे खायला येतात, पुढची दहा मिनिटं बहुतेक चांगली असतात. रॉड टोपाथवर आडवा टाकू नका, सायकलवाल्याला तो दिसत नाही.

पहिला मासा बहुधा बोटभर पर्च असेल, हिरवट अंगावर काळे पट्टे आणि लाल पर. तो दिसायला गोड असला तरी पाठीवरचा पर काट्यांचा असतो. मुलीला दाखवा, ओला हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचा, काटे आपोआप आडवे होतात, मग तो मुठीत धरता येतो.